‘तुम्ही मूळचे कुठले?’

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी परिसंवादात ‘आपल्यातील द्विभाषिक कुटुंबे’ या विषयावर केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या परिसंवादात हा विषय ठेवल्याबद्दल आम्ही संयोजकांचे मनःपूर्वक आभार मानतो. आरंभीच एक खुलासा करणे अगत्याचे आहे. व्यासपीठावर एकच व्यक्ती उभी असली, तरी तिच्या पाठीशी पाच-सहा घरे आहेत. त्यांपैकी एका घरात माहेर मराठी आणि सासर तेलुगू आहे; एका घरात पती मराठी आणि पत्नी बंगाली; एका घरची सून जवळच्याच एका छत्तीसगढी शेतकरी कुटुंबातून आली आहे, तर एका घरचे जावई केरळचे आहेत. या भाषणाच्या तयारीसाठी आम्ही सारे दोन-तीन संध्याकाळी एकत्र बसलो आणि एकमेकांचे अनुभव ऐकले. तेव्हा पुढे येणारा ‘आम्ही’ हा शब्द खरोखरीचा अनेकवचनी समजावा.

‘भिलाई म्हणजे लघुभारत’ हे वाक्य आपल्याकडील प्रत्येक समारंभात ऐकू येते आणि त्याला टाळ्याही मिळतात. ते खोटे नाही. परंतु लघुभारतात राहणे वेगळे आणि लघुभारत आपल्या स्वयंपाकघरात नांदवणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीविषयी आपल्या सभागृहात फारसे बोलले गेलेले नाही. ते मोकळेपणाने बोलावे आणि शेवटी मंडळापुढे एक निश्चित मागणी ठेवावी, एवढाच आमचा हेतू आहे.

आमच्यासारखी घरे या गावात का निर्माण झाली, हे समजून घ्यायचे तर गावाच्या जन्माकडे पाहावे लागते. पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. श्रीकाकुळम-विजयनगरमकडून तेलुगू माणसे आली. बंगाल, ओडिशा, केरळ, पंजाब, बिहार येथून माणसे आली. नागपूर, भंडारा, वर्धा, अमरावतीकडून आपली माणसे आली. छत्तीसगढी माणसे तर या भूमीचीच होती आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या शेतांवरच कारखाना उभा राहिला. सेक्टरांतील क्वार्टर वाटताना हुद्दा पाहिला गेला, भाषा पाहिली गेली नाही. त्यामुळे एका भिंतीच्या अलीकडे ज्वारीची भाकरी थापली जात होती आणि पलीकडे इडलीचे पीठ आंबत होते. मुले एकाच अंगणात खेळली, एकाच शाळेत गेली, पुढे पुष्कळदा एकाच कारखान्यात लागली. त्यांतून काही विवाह जमले नसते, तरच नवल होते.

कायद्याचा अडसर नव्हता. विशेष विवाह कायदा १ जानेवारी १९५५ पासून अंमलात आला आणि हिंदू विवाह कायदाही त्याच वर्षीचा. भिलाईचा करार आणि हे कायदे असे समवयस्क आहेत. जात, पोटजात किंवा प्रांत विवाहाच्या आड येणार नाही, हे कायद्याने स्पष्ट केले. घराच्या उंबरठ्यावर मात्र कायदा चालत नाही. तेथे प्रश्न चालतात, आणि त्यांतला पहिला प्रश्न म्हणजे, “तुम्ही मूळचे कुठले?”

हा प्रश्न वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. परमुलखात आपला माणूस शोधण्याची ती रीत आहे आणि तिच्यात जिव्हाळाही आहे. अडचण अशी की, आमच्या मुलांनी दिलेले पहिले उत्तर कोणी स्वीकारत नाही. आमच्यातील एका घरची कन्या सांगते, “भिलाईची.” त्यावर, “ते झाले गं, पण मूळची?” ती सांगते, “वडील तेलुगू, आई मराठी.” त्यावर, “म्हणजे तेलुगूच.” मग विचारणा होते, “घरी काय बोलता?” ती प्रामाणिकपणे सांगते, “तिन्ही.” हे उत्तर तर ऐकणाऱ्याला थट्टाच वाटते. तीन प्रश्नांची तीन खरी उत्तरे देऊनही मुलगी नापास होते. तेलुगू नातलगांकडे सुटीत गेली की याच प्रश्नमालिकेच्या शेवटी ती ‘मराठी’ ठरते. दोन्हीकडे पाटावर तिचे पान मांडले जाते, पण दोन्हीकडे ते पाहुण्यांच्या पंक्तीत असते.

‘मूळ’ या शब्दाचीच थोडी झडती घ्यावी, असे आम्हांला वाटते. भिलाईचा करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच मध्यप्रदेश राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ झाले. म्हणजे आपल्यातील जे अगदी आरंभी येथे आले, ते आपल्याच राज्याच्या एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात आले होते. त्यांना परप्रांतीय केले ते नकाशाने. त्याहून मागे जायचे तर १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत रतनपुरावर चालून आले आणि पुढे बिंबाजी भोसले यांनी तेथूनच छत्तीसगढचा कारभार पाहिला. ते राज्यकर्ते म्हणून आले, आपण नोकरदार म्हणून आलो. कोण मूळचा आणि कोण नंतरचा, याचा हिशेब कोणत्या वर्षापासून मांडायचा, हे ठरवणे सोपे नाही.

आता रोजच्या व्यवहाराकडे वळू. आमच्या केरळच्या जावयांची ओळख कित्येक वर्षे ‘अमक्यांचे मद्रासी जावई’ अशी करून दिली जात असे. तेलुगू सुनेलाही तोच शब्द. विंध्याच्या उत्तरेस ही चाल जुनी आहे; परंतु मराठी माणसाच्या तोंडी ती शोभत नाही. मद्रासपासून वेगळे राज्य मिळावे म्हणून पोट्टी श्रीरामुलू यांनी उपोषण केले आणि डिसेंबर १९५२ मध्ये प्राण ठेवले. त्यानंतर १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य झाले. त्या समाजाला ‘मद्रासी’ म्हणणे म्हणजे त्या बलिदानावर बोळा फिरवणे होय. संयुक्त महाराष्ट्रासाठी हुतात्मे दिलेल्या समाजाला हे अधिक सांगण्याची गरज नसावी.

नावांचेही असेच. तेलुगू पद्धतीत घराण्याचे नाव, म्हणजे ‘इंटिपेरु’, आधी येते आणि व्यक्तीचे नाव नंतर. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम. आमच्यातील एका मुलाचे नाव शाळेच्या दाखल्यावर तेलुगू क्रमाने लिहिले गेले आणि हजेरीपटावर मराठी-हिंदी क्रमाने वाचले गेले. परिणामी वर्षभर त्याला घराण्याच्या नावाने हाक मारली जाई, आणि त्याचे खरे नाव आडनाव होऊन बसले. तो बिचारा ‘हजर’ म्हणत राहिला. घरी ही गोष्ट हसण्यावारी नेली गेली. पण पुढे प्रत्येक प्रमाणपत्रावर त्याच क्रमाची दुरुस्ती करत फिरावे लागले, तेव्हा हसू ओसरले. कागदाच्या रकान्यात न मावणारे नाव ही अशा घराची पहिली ओळख असते.

स्वयंपाकघरात तर पूर्वग्रहांना रोजच फोडणी बसते. ‘ते लोक फार आंबट खातात’ हे तेलुगू सासरविषयीचे आपल्याकडचे मत. सासरची गोंगुरा पच्चडी पानात पाहून माहेरच्या मंडळींनी नाके मुरडली. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडीच, हे कळल्यावर मात्र तीच मंडळी ज्वारीच्या कण्या आणि लसणाच्या फोडणीची आठवण काढून दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागली. छत्तीसगढी सुनेने सांगितले की, तिच्या माहेरी हिलाच अमारी भाजी म्हणतात. एकच पाला तीन नावांनी तीन घरांत शिजत होता, आणि प्रत्येक घर दुसऱ्याच्या आंबटपणाला नावे ठेवत होते.

पूर्वग्रह एकाच बाजूचे असतात असे मात्र नाही. आपल्याविषयीही ते भरपूर आहेत. बंगाली घरातील वडीलधाऱ्यांची अशी समजूत होती की, मराठी माणूस म्हणजे हिशेबी. पाहुण्याला पोह्यांवर वाटेला लावणारा. साबुदाण्याखेरीज त्याला पक्वान्न ठाऊक नाही, आणि मासळीचा तर वासही सोसत नाही. त्यांच्याकडे लग्नाच्या आहेरात सजवलेला रोहू मासा शुभ मानून पाठवतात. तो आपल्या दारी आला तेव्हा घरात जी पळापळ झाली, तिने त्यांचा समज अधिकच दृढ केला. कोकणातील मराठी घरी तोच मासा गेला असता, तर त्याचे स्वागत वेगळे झाले असते, आणि नागपूरच्या सावजी रश्श्याची चव घेतलेला माणूस तर मराठी जेवणाला सपक म्हणण्याचे धाडस करणार नाही. आपण त्यांना एका ठशात बसवतो, ते आपल्याला दुसऱ्या ठशात बसवतात. आणि सून मात्र दोन्ही ठशांच्या मध्ये उभी राहून दोघांची वकिली करते.

या सर्व अनुभवांतून आमच्या ध्यानी आलेली एक गोष्ट आपल्यापुढे ठेवतो, कारण तीच आजच्या भाषणाचा गाभा आहे. मराठी सुनेकडून आमटी तिखट झाली, तर आपण म्हणतो, “आज हिचा हात चुकला.” तेलुगू सुनेकडून झाली, तर म्हणतो, “ती माणसे तिखटच खातात.” आपल्या माणसाची चूक ही त्याची एकट्याची असते, परक्याची चूक त्याच्या साऱ्या प्रांताच्या खाती जमा होते. मराठी जावई उशिरा आला तर गाडीचा दोष, बंगाली जावई उशिरा आला तर बंगालचा दोष. अशा घरात आलेल्या व्यक्तीला चुकण्याची मोकळीक नसते. ती प्रत्येक क्षणी आपल्या भाषेची आणि प्रांताची प्रतिनिधी असते, आणि प्रतिनिधित्वाच्या या कामातून तिला सुटीच्या दिवशीही सुटी नाही.

निंदेइतकीच स्तुतीही टोचते, हे सांगितले तर आश्चर्य वाटेल. “तेलुगू असूनही मराठी किती छान बोलता!” हे वाक्य हळदीकुंकवाच्या प्रत्येक समारंभात ऐकू येते. बोलणाऱ्या भगिनीचा भाव निर्मळ असतो, याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु त्यातील ‘असूनही’ हा शब्द पाहा. लग्नाला पंचवीस वर्षे झाली, मुलांच्या मुंजी-लग्ने झाली, चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंब्याची डाळ तिच्याच हातची सर्वांना आवडते, तरीही ‘असूनही’ सुटत नाही. ज्या दिवशी तिच्या मराठीचे कौतुक थांबेल, त्या दिवशी ती आपली झाली असे आम्ही समजू.

नात्यांच्या बाबतीतही कुजबुज होते. ‘त्यांच्यात मामाशी लग्न चालते’ हे वाक्य आवाज खाली करून उच्चारले जाते. दक्षिणेत अनेक समाजांत मामा-भाचीचा विवाह रूढ आहे, हे खरे. परंतु आपल्याकडेही कितीतरी समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानला गेला आहे, आणि उत्तरेकडील माणसाला तेही तितकेच नवलाचे वाटते. डॉ. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेव्यवस्थेवरील आपल्या १९५३ सालच्या ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या, मध्य विभागात घातले आहे. दोन्हीकडच्या चाली जिथे मिसळल्या, त्या प्रदेशाचे आपण रहिवासी. मिश्रणाचे आपल्याला इतके वावडे का असावे?

सणवारांची तऱ्हाही अशीच. छत्तीसगढी सुनेच्या घरात पहिल्याच वर्षी पोळ्यावरून वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, “पोळा श्रावण अमावास्येला.” सूनबाई म्हणाल्या, “आमचा पोरा भादव्याच्या अमावास्येला.” दोघींनाही आपल्या बालपणाची खात्री होती. शेवटी पंचांग उघडले, तेव्हा दिवस एकच निघाला. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे त्याच काळोख्या पंधरवड्याला आपण श्रावण म्हणतो आणि ते भाद्रपद. आकाशातील चंद्र एकच, भांडण केवळ महिन्याच्या नावाचे! त्या वर्षी घरातील मुलांना मातीचा नांदिया बैलही मिळाला आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैलही. त्यांचे काहीच बिघडले नाही.

गुढीपाडवा आणि उगादी यांचे तर सांगायलाच नको. दोन्ही चैत्र शुद्ध प्रतिपदेला, दोन्हींत शालिवाहन शकाचे नवे वर्ष, दोन्हींत कडुनिंब आणि गूळ. आपल्याकडे पाला, त्यांच्याकडे फुलोरा, चिंच आणि कैरी घातलेली पच्चडी. पैठण ज्यांची राजधानी, त्या सातवाहनांना पुराणांनी ‘आंध्र’ म्हटले आहे, आणि ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृताचा ठेवा त्यांच्यातीलच हाल राजाच्या नावावर आहे. ज्या शकावर आपण पत्रिका छापतो, त्या शकालाच शेजाऱ्यांबरोबर वाटून घेण्याची सवय आहे.

तरीही आमच्या घरांत सर्व काही गोड आहे, असा देखावा आम्ही उभा करणार नाही. एक तोटा खरा आहे आणि तो या मंडळाच्या जिव्हाळ्याचा आहे. दोन भाषांच्या दोन माणसांनी संसार मांडला की, बहुधा तिसरी भाषा घरात शिरते. भिलाईत ती हिंदी असते. पतिपत्नी हिंदीत बोलतात, मुले हिंदीत उत्तर देतात, आणि शाळेतून इंग्रजी येते ती वेगळीच. मराठी आणि तेलुगू, किंवा मराठी आणि बंगाली, एकमेकींशी झगडून हरत नाहीत. दोघी मिळून तिसरीपुढे माघार घेतात. त्याची किंमत प्रथम आजी-आजोबा मोजतात. अमरावतीहून आलेली आजी नातवाला गोष्ट सांगू लागते आणि तिसऱ्या वाक्याला नातू अर्थ विचारतो. दोनदा तो अर्थ विचारतो, तिसऱ्यांदा उठून जातो. आजीच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटते, त्याचे वर्णन करण्याचा मोह आम्ही टाळतो. आपल्यापैकी अनेकांनी ते आपापल्या घरी पाहिले असेल, घर द्विभाषिक असो वा नसो.

मुलाला मराठी शिकवावी म्हणून आपण त्याला गणेशोत्सवातील वक्तृत्वस्पर्धेत उभे करतो. आमच्यातील एका तेलुगू-मराठी घरचा मुलगा सात-आठ वर्षांचा असताना व्यासपीठावर म्हणाला, “माझी आजी गावाहून आलं.” सभागृह खळखळून हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता. परंतु त्या मुलाने केलेली गोष्ट चूक असली, तरी अडाणीपणाची नव्हती. तेलुगूत एकवचनी क्रियापदाचे पुरुषासाठी एक रूप असते, आणि स्त्री व वस्तू या दोहोंसाठी दुसरे. मराठीची तीन लिंगे त्या दोन खणांत बसवताना त्याने आजीला नपुंसकलिंगाच्या खणात ठेवले. एवढासा मुलगा दोन व्याकरणांची सांगड घालत होता; आपल्याला दिसली ती फजिती. पुढे तीन वर्षे तो स्पर्धेला उभा राहिला नाही. मराठीचा एक वक्ता आपण असा हसून घालवला.

हा अनुभव केवळ भिलाईचा किंवा केवळ भारताचा नाही. दक्षिण कोरियाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. आपण सारे एका रक्ताचे, एका भाषेचे, असा त्या समाजाचा दृढ समज. गेल्या काही दशकांत व्हिएतनाम, चीन, फिलिपीन्स अशा देशांतून अनेक स्त्रिया विवाह करून तेथे गेल्या. सरकारने २००८ साली अशा बहुसांस्कृतिक कुटुंबांच्या साहाय्यासाठी स्वतंत्र कायदा केला. ‘दामुन्ह्वा’, म्हणजे अनेक संस्कृतींचे, हा शब्द पूर्वीच्या ‘मिश्र रक्ताचे’ या हिणकस शब्दाऐवजी सद्भावनेने रूढ केला गेला. पण पुढे शाळेच्या पटांगणात तोच शब्द मुलांना चिडवण्यासाठी वापरला जाऊ लागला. तेथेच जन्मलेले आणि तीच भाषा बोलणारे मूल त्या एका शब्दाने वेगळ्या रांगेत उभे राहते. यातून एक धडा घेण्यासारखा आहे: नुसता चांगला शब्द शोधून भागत नाही. आम्हांला ‘द्विभाषिक’ म्हणा, ‘आंतरप्रांतीय’ म्हणा, ‘मिश्र’ म्हणा. शब्दाने वेगळी रांग लागत असेल, तर सगळे शब्द सारखेच.

‘मिश्र’ या शब्दाची तर भिलाईकरांनी लाजच बाळगू नये. शुद्ध लोखंड मऊ असते, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्यात कार्बन आणि मँगनीज बेताने मिसळले, तेव्हा भारतीय रेल्वेच्या गाड्या पेलणारे रूळ येथे घडू लागले.

मिश्रणाने मराठी बाटते, अशी ज्यांना भीती वाटते, त्यांच्यासाठी याच भूमीतील दोन नावे पुरेशी आहेत. माधवराव सप्रे मराठी घरातले. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले आणि समर्थांचा ‘दासबोध’ व लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदी वाचकांपर्यंत पोहोचवले. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात आले. ते हिंदीचे थोर कवी झाले, आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे नामवंत कवी व समीक्षक झाले. एका घरात दोन भाषा नांदल्या आणि दोन्ही श्रीमंत झाल्या. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ते तमिळ शिकले आणि तिरुक्कुरळ मराठीत आणला. गुरुजींना ज्यासाठी तुरुंगातील सोबती शोधावे लागले, ती सोबत आमच्या मुलांना घरातच लाभली आहे. ती फुकट घालवायची की नाही, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून आता मागणीकडे येतो. मंडळाच्या सभासदत्वाच्या अर्जात ‘मातृभाषा’ असा एक रकाना आहे आणि त्यात एकच शब्द मावतो. यादी कुटुंबप्रमुखाच्या आडनावाने केली जाते. मुलीचा विवाह परभाषिक घरात झाला की तिचे नाव हळूच गळते. मुलाने परभाषिक पत्नी आणली, तर सारे कुटुंब आपोआप मराठी धरले जाते. आता भारतीय जनगणनेचा नियम पाहा. तिच्या मते मातृभाषा म्हणजे बालपणी आई ज्या भाषेत त्या व्यक्तीशी बोलली ती भाषा. आई लहानपणीच निवर्तली असेल, तर बालपणी घरात मुख्यत्वे बोलली जाणारी भाषा. शिवाय येत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदवण्याची सोयही तिने ठेवली आहे. या व्याख्येप्रमाणे मराठी आईने मराठीत वाढवलेले तेलुगू आडनावाचे मूल निःसंशय मराठी आहे. जनगणनेने ज्यांना आपल्या खात्यावर जमा केले, त्यांना आपणच वजा करत आलो आहोत!

आमची मागणी तीन कलमी आहे. पहिले कलम असे की, त्या रकान्याच्या जागी ‘घरात बोलल्या जाणाऱ्या भाषा’ असा अनेकवचनी रकाना ठेवावा, आणि प्रत्येक प्रौढ स्त्रीला, तिचे सासर कोणत्याही भाषेचे असो, स्वतःच्या नावाने सभासद होता यावे. दुसरे असे की, मुलांसाठी आठवड्यातून एक तास मराठी गप्पागोष्टींचा वर्ग चालवावा, जेथे चुकीची वाक्ये बोलण्याची पूर्ण मुभा असेल. आणि स्पर्धांत उच्चारापेक्षा आशयाला अधिक गुण द्यावेत. तिसरे असे की, पाडव्याचा कार्यक्रम येथील तेलुगू समाजाबरोबर, आणि पोळ्याचा छत्तीसगढी शेजाऱ्यांबरोबर करावा. खर्च वाढणार नाही. उलट पानाला एक पदार्थ अधिक येईल.

मागणी करणाऱ्याने आपला वाटाही सांगितला पाहिजे. आम्ही सर्व घरांनी मिळून ठरवले आहे की, ज्या पालकाची जी भाषा, तो मुलांशी तीच बोलेल, मग उत्तर कोणत्याही भाषेत येवो. त्या साप्ताहिक वर्गासाठी लागणारी माणसे आमच्या घरांतून मिळतील. आमच्या बंगाली आणि तेलुगू वहिनींनी तर मराठी गोष्टी सांगण्याची तयारी दाखवली आहे. त्यांचे कौतुक अवश्य करावे, फक्त ‘असूनही’ हा शब्द वगळून.

शेवटी एक वास्तव सांगून थांबतो. आपली पुष्कळ तरुण मुले शिक्षण-नोकरीसाठी पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे गेली आहेत आणि तेथे तीही निरनिराळ्या भाषांच्या घरांत सोयरीक करत आहेत. आज या सभागृहात आमच्यासारखी घरे बोटांवर मोजण्याइतकी असतील. उद्या तशी राहणार नाहीत. मंडळाच्या अमृतमहोत्सवाच्या वेळी या खुर्च्यांवर बसणाऱ्यांपैकी कित्येकांची आडनावे मराठी नसतील. त्यांच्या बोलण्यात एखादी आजी ‘आलं’ही असेल. ती माणसे या घरात पाहुणी म्हणून येतील की यजमान म्हणून, हे त्यांच्या हाती नाही. ते आज आपल्या हाती आहे.